मिठाला पाणी सुटलं की हार्ड डिस्क सांभाळा: कोकणच्या हवेत डेटा टिकवण्याची पद्धत

मृग लागून आठवडा झाला की आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीच्या तळाशी पाणी साचायला लागतं. आई बरणीत तांदळाचे चार दाणे टाकते आणि झाकण घट्ट लावते. मी त्याच दिवशी वही काढतो आणि ज्यांच्या हार्ड डिस्क माझ्या देखरेखीखाली आहेत त्या सगळ्यांना एकेक फोन करतो. बरणीतल्या मिठाला ज्या हवेत पाणी सुटतं, त्याच हवेत डिस्कच्या सर्किट बोर्डावर वाऱ्याबरोबर येऊन बसलेल्या मिठालाही पाणी सुटतं.

शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेत ओलसर होतात. म्हणून मिठागरातलं खडेमीठ पिशवीतल्या बारीक मिठाच्या आधी पाझरतं. किनाऱ्यावरच्या घरात पंख्याच्या पात्यांवर जो चिकट राखाडी थर बसतो, त्यात हेच मीठ असतं. तोच थर कॉम्प्युटरच्या आतही बसतो. कोरडा असेपर्यंत तो फारसं काही करत नाही. ओला झाला की त्यातून वीज वाहते, तांबं हिरवं पडतं, चांदी काळी पडते आणि मग एका सकाळी कॉम्प्युटर डिस्क ओळखतच नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात दुरुस्तीचं काम करताना फोटो स्टुडिओ, काजूचे कारखाने, आंब्याचे व्यापारी, ग्रामवाचनालयं असं सगळीकडे जाणं होतं. प्रत्येकाच्या डोक्यात एकच भीती असते, ती म्हणजे डिस्क गरम होईल. मी बरीच वर्षं त्यांना एकच गोष्ट पटवतोय. इथे डिस्कचा खरा वैरी दमटपणा आहे, उष्णता त्याच्यामागून येते. हे एकदा ध्यानात घेतलं की डिस्क कुठे ठेवायची, कधी चालू ठेवायची, प्रत कुठे पाठवायची, सगळ्याची उत्तरं बदलतात.

कोमट आणि कोरडी

२०१६ साली मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरांतल्या डिस्कांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरची हवा वापरून केंद्र थंड ठेवण्याचा परिणाम तपासणाऱ्या त्या अभ्यासात डिस्क बिघडण्यावर तापमानापेक्षा आर्द्रतेचा परिणाम जास्त दिसला. बिघाड वाढले ते मुख्यतः कंट्रोलर आणि जोडण्यांचे, म्हणजे बोर्ड आणि कनेक्टरचे. आणखी एक गोष्ट त्यात होती, जी मला कोकणासाठी सोन्यासारखी वाटते. ज्या सर्व्हरमध्ये डिस्क मागच्या बाजूला, प्रोसेसरची गरम हवा जाते तिथे होत्या, तिथे त्या कमी बिघडल्या. हवा गरम झाली की तिची सापेक्ष आर्द्रता खाली येते, हे त्याचं कारण.

आकडा मांडून बघू. जुलैत घरात २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर चालू असलेल्या ३८ अंशांच्या डिस्कला लागून असलेल्या हवेची आर्द्रता साधारण ५० टक्क्यांवर येते. शुद्ध मीठ तेवढ्यावर कोरडं राहतं. तीच डिस्क बंद करून लोखंडी कपाटात ठेवली, तर ती ९० टक्क्यांत बसलेली असते. चातुर्मासभर.

किनाऱ्यालगतच्या एका स्टुडिओवाल्याचं असंच झालं. लग्नसराई संपल्यावर त्यांनी दोन्ही डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवल्या, काळजी घेऊन ठेवल्या. दिवाळीनंतर काढल्या तर एक फिरेना, दुसरी फिरली पण वाचेना. पहिलीच्या बोर्डाखालचे संपर्कबिंदू काळेठिक्कर पडले होते. ते साफ केल्यावर ती सुरू झाली. दुसरी गेली ती गेलीच. पिशवीत बांधताना जी ओली हवा आत कोंडली गेली, तीच चार महिने त्या डिस्कच्या अंगावर होती.

नेहमीच्या हार्ड डिस्कच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, शेजारी ‘हे झाकू नये’ असं लिहिलेलं असतं. त्यातून डिस्क श्वास घेते. गरम होताना हवा बाहेर, गार होताना आत. आत गाळणी असते, ओल शोषणारा पदार्थही असतो, पण त्याला मर्यादा आहे. मोठ्या क्षमतेच्या हेलियम भरलेल्या डिस्क पूर्ण बंद असतात, त्यांना हे भोक नसतं. बोर्ड मात्र त्यांचाही उघडाच असतो.

पहिलं काम: मोजा

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते कॉम्प्युटरच्या शेजारी, डिस्क आहे त्याच उंचीवर दोन दिवस ठेवा. सकाळ, दुपार, रात्र असे आकडे लिहा. ६० च्या खाली असेल तर उत्तम. ६० ते ७५ मध्ये सावध राहायचं. ७५ च्या वर सतत असेल, तर जागा बदला किंवा खाली सांगतोय ते उपाय करा. एकाच घरात ओटी, माजघर आणि माळा यांत किती फरक पडतो ते पाहून लोक थक्क होतात.

जांभ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते. टेबल भिंतीला चिकटवून ठेवलं असेल तर एक फूट पुढे ओढा. पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, तिथून खारा वारा थेट येतो. जमिनीवर कॅबिनेट ठेवू नका. कीटकांचा आणि पालींचाही विचार करा. पावसात काळ्या मुंग्या कोरडी, उबदार जागा शोधत कॅबिनेटमध्ये शिरतात आणि पाली पॉवर सप्लायमध्ये अंडी घालतात. मागच्या रिकाम्या खाचांना पट्ट्या लावून घ्या आणि पंख्याच्या तोंडाला स्पंजची गाळणी बसवा. ती महिन्यातून एकदा गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून परत लावायची. गाळणीवर बसलेलं मीठ डिस्कवर बसलं नाही, एवढा हिशेब त्यामागे आहे.

एसी असेल तर आणखी एक धोका कळून घ्या. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतलं पाणी थेंब होऊन जमतं तो आकडा, २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २२ अंशांवर गार केलेल्या खोलीतली डिस्क बाहेर आणली की तिला लगेच घाम फुटतो, थंड पाण्याच्या बाटलीसारखा. वीज गेली, एसी बंद पडला आणि कोणी दार-खिडक्या उघडल्या, तरी तेच. म्हणून एसी २६-२७ वर किंवा ड्राय मोडवर चालवा. वीज गेल्यावर त्या खोलीचं दार लावलेलंच ठेवा. मुंबईहून एसी गाडीतून आणलेली पोर्टेबल डिस्क पिशवीतून न काढता तासभर तशीच राहू द्या, मगच जोडा.

चालू ठेवायची की बंद?

रोज लागणारी डिस्क पावसाळ्यात शक्यतो चालूच राहू द्या. नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली पुरवणारं डिस्कांचं यंत्र, असेल तर जून ते सप्टेंबर त्याचं ‘झोपण्याचं’ सेटिंग बंद करा. डिस्कचं तापमान ३५ ते ४२ दिसलं तर घाबरू नका, इथे ते वरदान आहे. ५० च्या वर जायला लागलं तर पंखा पाहा.

कपाटात ठेवायच्या डिस्कला वेगळी व्यवस्था हवी. रबराची कड असलेला हवाबंद डबा घ्या, फोटोग्राफर लेन्ससाठी वापरतात तसला. आत नारिंगी रंगाचं सिलिका जेल आणि ते आर्द्रतेचं यंत्र ठेवा. आकडा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून, थंड करून परत वापरता येतं. तांदूळ किंवा मीठ डब्यात घालू नका. तांदूळ फारसं पाणी ओढत नाही आणि त्याचा भुसा मात्र कनेक्टरमध्ये जातो. पूर्वी कपाटात चाळीस वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवायची पद्धत होती, ती चांगली होती. आता त्या जागी एलईडी लावतात आणि त्याने कपाट गरम होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

डब्यातली डिस्क दोन-तीन महिन्यांतून एकदा काढून तासभर चालवा. एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, डब्यात ठेवत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. एसएसडीतला डेटा विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू ओसरतो. घरगुती एसएसडीचं मानक असं आहे की पूर्ण झिजलेली असतानाही तिने ३० अंशांवर वीज नसताना एक वर्ष डेटा धरून ठेवला पाहिजे. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावरचं तापमान ३० च्या खूप वर असतं. त्यामुळे कायमच्या साठ्यासाठी मी एसएसडीवर विसंबत नाही. रोजच्या कामासाठी मात्र ती घ्यावीच, तिच्यात फिरणारं काही नाही.

वीज

चालू डिस्कची वीज अचानक गेली की तिचं डोकं, म्हणजे वाचणारा हेड, फिरत्या चकतीच्या उरल्यासुरल्या गतीवर निर्माण होणाऱ्या विजेने कसंबसं बाजूला घेतलं जातं. ही सोय असते, पण रोज तिची परीक्षा घ्यायची नसते. हेड चकतीपासून काही नॅनोमीटर उंचीवरून धावतो. केसाची जाडी त्याच्या हजारो पट आहे.

यूपीएस लागतोच. घरात मोठा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का पाहा. अनेकांकडे ते साध्या मोडवर असतं आणि वीज जाताना कॉम्प्युटर हटकून रीस्टार्ट होतो. नॅस असेल तर यूपीएसची यूएसबी वायर त्याला जोडून, बॅटरी उतरली की आपोआप बंद होण्याचं सेटिंग चालू करा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते, आणि मेलेली आहे हे वीज गेल्यावरच कळतं. दर महिन्याला सगळं सेव्ह करून प्लग काढून पाहा. पाच मिनिटं टिकली नाही तर बदला.

अर्थिंग कोणी तपासत नाही. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर खड्डा पुन्हा भरून घ्यावा लागेल. मे अखेरचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दोन वेळी विजा जास्त पडतात. गडगडाट सुरू झाला की प्लग काढाच, पण लॅनची, म्हणजे नेटवर्कची, तांब्याची वायरही काढा. दोन इमारतींना जोडणाऱ्या लॅन वायरमधून आलेल्या झटक्याने नॅसचा बोर्ड जळालेला मी दोनदा पाहिलाय. तिथे वीज न वाहणारी फायबरची वायर टाका.

डिस्कची नाडी

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स ही मोफत साधनं ती वाचून दाखवतात. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळाच्या पायात दाखवतो आणि माणसं गोंधळतात. फंक्शन मेनूत प्रगत पर्यायांमध्ये जाऊन ‘रॉ व्हॅल्यूज’ दहाच्या पायात करून घ्या.

मी पाचच ओळी बघतो. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, म्हणजे चकतीवरचे डेटाचे छोटे कप्पे. १८७ म्हणजे दुरुस्त न करता आलेल्या चुका. १९७ म्हणजे संशयास्पद, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. १९९ म्हणजे वायरीवरून डेटा जाताना झालेल्या चुका. काही डिस्कांवर १८७ ची ओळ नसते, मग बाकीच्या चार पाहायच्या.

पहिल्या चारही ओळी शून्य असायला हव्यात. ५ मध्ये दोन-चार आकडा दिसला आणि तो महिनोन् महिने तिथेच थांबला, तर डिस्क वापरता येते. तो सरकत असेल तर दिवस मोजायला लागा. १९७ मध्ये एकही दिसला तर आधी डेटा दुसरीकडे उतरवा, मग बाकीचा विचार. २००७ मध्ये गूगलने एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिली स्कॅन चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट आढळली. पण त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी या ठळक खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे स्मार्टने इशारा दिला तर तो ऐकायचा, आणि इशारा नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त हलते ती १९९ ची ओळ. लोकांना वाटतं डिस्क गेली, आणि नवी आणतात. बहुतेक वेळा साटा वायरचं, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरचं, टोक गंजलेलं असतं. वायर बदला, तारीख आणि आकडा लिहा. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, तो पुढे वाढतो का एवढंच पाहायचं. वाढायचा थांबला तर तुमचे डिस्कचे पैसे वाचले. १ आणि ७ क्रमांकाच्या ओळींत काही कंपन्यांच्या डिस्कवर कोट्यवधींचा आकडा दिसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तो वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो. एसएसडीवर या ओळी वेगळ्या असतात. तिथे किती टक्के आयुष्य वापरलं आणि राखीव जागा किती उरली, हे पाहायचं.

हे कधी करायचं? दर महिन्याला, ठरलेल्या दिवशी. मी लोकांना संकष्टीला करायला सांगतो. चंद्रोदयाची वाट पाहताना दहा मिनिटं मिळतात आणि दिवस विसरला जात नाही. वहीत एका डिस्कला एक पान. वर अनुक्रमांक, खरेदीची तारीख, वॉरंटी कधी संपते ते. खाली दर महिन्याला त्या पाच ओळी, तापमान आणि चालू तासांचा आकडा. वही म्हणजे खरोखरची कागदाची वही, कारण डिस्कची नोंद त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही. वर्षभर अखंड चाललेल्या डिस्कचे ८,७६० तास होतात. मुख्य डेटाच्या डिस्कला मी ३५,००० तासांच्या आसपास निवृत्त करतो आणि ती तिसऱ्या प्रतीसाठी वापरतो.

नवी डिस्क आणली की लगेच तिच्यावर डेटा टाकू नका. आधी एकदा पूर्ण भरून लिहा, मग स्मार्टची लांब चाचणी, म्हणजे डिस्क स्वतःला पूर्ण तपासून घेते ती, चालवा. मोठ्या डिस्कला त्यात दिवस-दीड दिवस जातो. घाट उतरून कुरियरने आलेली डिस्क वाटेत आपटली असेल तर ती इथेच उघडी पडते, आणि दुकानदार बदलूनही देतो.

रेड म्हणजे प्रत नव्हे

हे मला वारंवार सांगावं लागतं. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकीसारख्या चालवणं. नॅसमध्ये दोन डिस्क एकमेकींचा आरसा असल्या, तर एक बिघडल्यावर काम थांबत नाही, इतकाच त्याचा अर्थ. चुकून खोडलेली फाइल दोन्हीकडून खोडली जाते. व्हायरसने कुलूप लावलं तर दोन्हीकडे लागतं. वीज पडली तर दोन्ही जातात. रेड घ्यायचाच तर नॅससाठीच्या सीएमआर प्रकारच्या डिस्क घ्या. एसएमआर, म्हणजे डेटाच्या रेघा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या, डिस्क रेड पुन्हा उभा करताना फार रखडतात. शक्य असेल तर दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून किंवा वेगळ्या महिन्यांत घ्या. एकाच खेपेतल्या डिस्क एकदमच थकतात. महिन्यातून एकदा स्क्रब चालवा, म्हणजे कोपऱ्यात न वाचलेला डेटा सडला असेल तर वेळेवर कळेल.

चाकरमान्याबरोबर मुंबईला

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. हा नियम सगळीकडे सांगितला जातो. कोकणात त्यातलं तिसरं पद सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि ‘घराबाहेर’ याचा अर्थ शेजारच्या आळीत असा नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत एकच वारा होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजले बुडाले. ज्यांची मुख्य डिस्क दुकानात आणि प्रत मागच्या गल्लीतल्या भावाकडे होती, त्यांच्या दोन्ही एकाच पाण्यात गेल्या. त्याच दिवशी महाडमध्येही सावित्रीचा पूर होता. तिसरी प्रत किनाऱ्यापासून आणि नदीपासून दूर, घाटावर किंवा मुंबईच्या वरच्या मजल्यावर हवी.

इंटरनेटवरून पाठवणं चांगलं, सातबाऱ्याचे उतारे, हिशेब, ओळखपत्रं यांसाठी ते कराच. पण स्टुडिओचे शेकडो जीबी फोटो किंवा गावच्या नमन-खेळ्यांचे वर्षानुवर्षांचे व्हिडिओ गावच्या इंटरनेटवरून चढवायचे तर महिने जातात. आपल्याकडे त्याहून भरवशाची वाट आहे. शिमगा आणि गणपती, वर्षातून दोनदा चाकरमानी घरी येतात. दोन सारख्या पोर्टेबल डिस्क घ्या. एक मुंबईत, एक गावात. शिमग्याला गावची ताजी करून मुंबईला द्या, मुंबईची परत घ्या. गणपतीत पुन्हा अदलाबदल. साधारण सहा महिन्यांहून जुनी प्रत राहत नाही, आणि खर्च फक्त दुसऱ्या डिस्कचा. एका ग्रामवाचनालयाने जुन्या हस्तलिखितांचं स्कॅनिंग याच रीतीने सांभाळलंय. डिस्क नेणाऱ्या मुलाला ते पुस्तकाइतकी काळजीपूर्वक बांधून देतात.

प्रवासाला जाणाऱ्या डिस्कला बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरचं पासवर्डचं कुलूप लावा. पासवर्ड कागदावर लिहून दोन घरांत ठेवा, डिस्कच्या डब्यात नको. परत आलेल्या डिस्कवरच्या चार-पाच फाइली उघडून पाहा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. प्रत घेतली पण उघडून पाहिली नाही, तर ती प्रत आहे की नाही तेच माहीत नसतं.

आगोटीचं काम

मे महिन्यात घरोघरी आगोटीची तयारी चालते. सुकी मासळी, लाकडं, मसाले, पडवीला झड लावणं. त्याच यादीत हे घाला. कॅबिनेट उघडून कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. सगळ्या साटा आणि पॉवरच्या वायरी एकदा काढून परत घट्ट बसवा, नुसत्या त्या हालचालीने संपर्कावरचा पातळ गंज घासला जातो. प्रत्येक डिस्कची लांब चाचणी चालवा. सिलिका जेल तापवा. यूपीएस तपासा. एक जादा साटा वायर आणि एक कोरी डिस्क घरात आणून ठेवा, जुलैत रस्ता बंद झाला की कुरियर येत नाही. पूररेषेत राहत असाल तर नॅस वरच्या मजल्यावर न्या, आणि ते एका हाताने उचलून पळता येईल असं ठेवा. ज्या वायरी ओढल्या की सुटतात त्यांना रंगीत दोरा बांधा.

वादळानंतर कॉम्प्युटर आठवडा-दोन आठवडे बंद राहिला असेल, तर वीज आल्या आल्या सुरू करू नका. डिस्क काढून सिलिका जेलच्या डब्यात एक दिवस ठेवा, मग जोडा. निसर्गनंतर अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि तोवर पाऊसही सुरू झाला होता. वीज आल्याच्या आनंदात लोकांनी ओल धरलेली यंत्रं तशीच चालू केली, आणि त्यानंतरचे दोन महिने माझ्याकडे नुसते गंजलेले बोर्ड येत होते.

डिस्क आजारी पडली तर

टक-टक असा ठेका ऐकू आला, डिस्क फिरून थांबायला लागली किंवा फोल्डर उघडायला मिनिटं लागू लागली, तर लगेच बंद करा. ‘एकदा परत चालू करून बघू’ हे वाक्य मनातही आणू नका. खराब हेड प्रत्येक फेरीत चकतीवरचा थर खरवडत असतो.

टक-टक नाही, फक्त वाचायला मंद आहे आणि १९७ वाढतोय, अशा डिस्कवर विंडोजची दुरुस्ती म्हणजे चेकडिस्क चालवू नका. ते डिस्कवर लिहितं. त्याऐवजी लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या साधनाने पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, तिच्याहून मोठ्या, निरोगी डिस्कवर उतरवा. हे साधन आधी जे सहज वाचतं ते उचलतं, अवघड जागा शेवटी ठेवतं, आणि मध्येच थांबलं तर नोंदीवरून पुढे चालू होतं. दुरुस्ती करायची ती त्या प्रतिमेवर.

अजिबात न ओळखल्या जाणाऱ्या डिस्कचा बोर्ड अनुभवी कारागिराकडून काढून घ्या. त्याखालचे संपर्कबिंदू काळे असतील तर ते पांढऱ्या खोडरबराने हळुवार घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, आणि किनाऱ्यावरच्या बऱ्याच डिस्क एवढ्यावर जाग्या होतात. तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड आणून मात्र लावू नका. हल्लीच्या डिस्कांत प्रत्येक बोर्डावरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कपुरती मोजमापं असतात. ती चिप न बदलता बोर्ड बदलला तर डिस्क वाचत नाही, कधी आणखी बिघडते. झाकण घरी उघडायचं नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय कोकणात सगळ्यांत घातक. बाहेर काढताच आत-बाहेर पाणी धरतं.

पुरात बुडालेली डिस्क उन्हात, पंख्याखाली किंवा तांदळात वाळवू नका, वीज तर मुळीच देऊ नका. पाणी वाळलं की गाळ आणि मीठ चकतीवर चिकटून बसतं आणि मग प्रयोगशाळेलाही ते काढणं जड जातं. ती ओली असतानाच ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा. वर कंपनी, मॉडेल, कोणत्या पाण्यात बुडाली, गोड्या की खाऱ्या, आणि किती तास, हे लिहा. मग कडक खोक्यात भोवती कापूस भरून, रस्ता सुरू होताच पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे पाठवा. तिथे आधी खर्चाचा अंदाज मागा आणि कोणते फोल्डर सर्वांत महत्त्वाचे आहेत ते लिहून द्या, म्हणजे ते आधी काढून घेता येतील.